ओवाळणीत मागितलेला दांडा

भाऊबीजेला बायका साडी मागतात, फार तर कानातलं. मी त्या वर्षी भावाकडे सायकलच्या सीटखालचा दांडा मागितला. तोही साधासुधा नाही, बसल्याबसल्या खाली-वर होणारा. माझा डावा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता. उजव्या हाताने ओवाळताना तबक डगमगत होतं, म्हणून भावाने स्वतःच त्याला खालून हात लावला होता. मागणं ऐकलं आणि त्याने हात काढला. निरांजन कलंडलं, तेल त्याच्या नव्या लेंग्यावर.

ही गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. रत्नागिरीत सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला आमचं घर. घरात माणसं दोनच, मी आणि मामंजी. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली होती. नवरा मुंबईला नोकरीत, मुलगा त्याच्याजवळ कॉलेजात. गणपतीला आणि मे महिन्यात दोघं यायचे, आंबे खायचे, पेट्या घेऊन जायचे. बाकीचं वर्षभर हापूसची कलमं मी बघायची. फवारणी, खत, गडग्याची म्हणजे दगडी कुंपणाची डागडुजी, माणसांची हजेरी, सगळं. बागेतल्या खोपीत राखणीला एक नेपाळी जोडपं होतं, पण राखण करणं वेगळं आणि बाग बघणं वेगळं.

आमची बाग आरे-वारेच्या वाटेवर, सडा जिथे संपतो तिथून खाली उतरत खाडीपर्यंत गेलेली. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, रिक्षाला सांगावं लागतं, आणि तो रस्ताही बागेच्या पायथ्याशी नेऊन सोडतो. सड्यावरून सरळ गेलं तर जवळ. सपाट कातळ, त्यावर वाळकं गवत, मधून पायवाट, आणि शेवटी बागेतून खाली जाणारा खडबडीत उतार. चालत गेले तर जाऊन येऊन सकाळ संपायची, इकडे मामंजींच्या जेवणाची वेळ टळायची. म्हणून मी सायकलने जात असे. देवरूख माझं माहेर, चढउतार मला कुणी शिकवायला नको. भावाने पुण्यात नवी सायकल घेतली तेव्हा जुनी डोंगरात चालवायची जाड टायरांची सायकल माझ्याकडे पाठवून दिली होती. पंजाबी ड्रेस, डोक्याला रुमाल, मागे पिशवी, की मी निघाले. लोक बघायचे. बघोत की, माझं काय जात होतं?

आता सीटचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं होतं. सपाटीवर सीट उंच लागते. पाय पुरता लांब झाला नाही तर घरी येईपर्यंत गुडघे बोंब मारतात. उतारावर बरोब्बर उलटं. तिथे सीट खाली पाहिजे, म्हणजे अंग मागे टाकता येतं. सीट उंच ठेवून उतरलात की सगळा भार पुढच्या चाकावर, आणि चाक जरा कशात अडकलं की तुम्ही हँडलवरून सरळ आंब्याच्या बुंध्यात. म्हणून मी रोज उताराच्या तोंडाशी उतरून सीटखालची कडी सैल करायची, दांडा आत ढकलायचा, कडी आवळायची. परत येताना वर आले की पुन्हा तेच. कधी उंची चुकायची, कधी सीटचं नाक वाकडं बसायचं. निम्म्या वेळा मला त्याचा कंटाळा यायचा. मग मी तशीच उतरायची.

नवरात्रात एके सकाळी राखणदाराचा फोन आला की गडगा ढासळलाय, गुरं आत शिरलीत आणि नवी कलमं खाताहेत. ती कलमं मी दोन पावसाळे पोटच्या पोरासारखी जपली होती. डोकं असं फिरलं म्हणता! सीट बघायची शुद्ध कुणाला? पावसाने उतारावर खोल चर पाडला होता, त्यात चाक गेलं आणि मी पलीकडे. मनगट मोडलं. तशातही उठून एका हाताने दगड मारून गुरं हाकलली, हे मात्र नंतर कुणी मोजलं नाही.

मामंजी रागावणारे नव्हते. रागावले असते तर परवडलं असतं, मी दोन शब्द ऐकवले असते. ते हळू आवाजात निर्णय सांगायचे. प्लास्टर घालून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी झोपाळ्यावर सुपारी कातरता कातरता म्हणाले, की आता बाग कराराने देऊन टाकू, एक व्यापारी मागतोच आहे. मुंबईला फोन केला तर नवरा म्हणाला, बाबा म्हणतात ते बरोबरच आहे, तुझ्या काळजीपोटीच म्हणताहेत. मी फोन ठेवून दिला. काळजीपोटी म्हणे! आमच्याकडे बाईच्या हातातून काही काढून घ्यायचं असलं की आधी काळजी पुढे करतात.

करार म्हणजे काय ते आंब्याच्या गावात कुणाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. पाच वर्षं बाग व्यापाऱ्याची. झाडं आपल्या नावावर, फळ त्याचं, आणि कारभार सगळा त्याचा. पाच वर्षांनी झाडांचं काय होईल याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. मग मुळाशी मोहोराचं औषध ओतायचं, दर वर्षी झाड पिळून काढायचं. आमच्या शेजारची बाग अशीच दिलेली. मुदत संपली तेव्हा मालकाच्या हातात शेंडे वाळलेले खराटे परत आले. मी रोज सड्यावरून जाताना ते बघत होते. आणि झाडांचं एक वेळ बाजूला ठेवा. त्या घरात सगळं मला आयतं मिळालेलं होतं, भांडी सासूबाईंची, झोपाळा मामंजींचा, आडनाव नवऱ्याचं. बाग तेवढी मी कमावलेली होती. ती गेली तर मी काय करायचं? मामंजींना चहा द्यायचा आणि संध्याकाळी मालिका बघायच्या? त्या विचाराने मला रात्री रडू यायचं आणि सकाळी राग यायचा. रागाने कामं होतात, म्हणून मी रागच धरून ठेवला.

भाऊबीजेला भाऊ आला तो हे सगळं ऐकूनच आला होता. पुण्यात तो सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर घाटात सायकल चालवायचा. तिथल्या कुणाकडे तरी असा खाली-वर होणारा दांडा आहे, हे त्यानेच पूर्वी कधी तरी फोनवर सांगितलं होतं. माझ्या ते डोक्यात बसलं होतं. म्हणून ओवाळणीत तेच मागितलं. लेंगा बदलून आल्यावर तो म्हणाला, की मिळेल, त्याचा एक मित्र नाताळच्या आत अमेरिकेहून येतोय, सामानात घालून आणेल. पण कुठला हवा ते आत्ताच ठरवायला पाहिजे, परत बदलून मिळायचा नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेलो. सगळी कॉलेजातली पोरं, त्यांत मी प्लास्टरवाली. भावाने तीन दांड्यांची चित्रं छापून घेतली आणि घरी ओटीवर मांडली. मामंजी झोपाळ्यावर होते, आमच्याकडे पाठ करून. कान मात्र इकडेच.

पहिला दांडा भावाच्या मते सर्वांत चांगला. पाच इंच खाली जाणारा, आत तेल आणि हवा भरलेली, आणि हँडलवर बटण. अंगठ्याने दाबून बसलं की सीट खाली, दाबून उठलं की वर. हँडलवरचा हात काढायलाच नको. दुसराही हँडलवरून चालणारा, पण आत साधी स्प्रिंग. तिसरा सगळ्यांत गरीब दिसत होता. तीन इंचच खाली जायचा, आत स्प्रिंग, वर धूळ जाऊ नये म्हणून रबरी मोजा, आणि खटका सीटच्या पोटाखाली. तो ओढायचा तर एक हात हँडलवरून काढावा लागणार. भावाने तो कागद नुसता तोंडी लावायला आणला होता.

मी तिसरा उचलला.

भाऊ हसला. म्हणाला, नुकतं मनगट मोडलंय आणि हिला एका हाताने उतरायचंय. मी त्याला विचारलं, की हँडलवरच्या बटणापासून दांड्यापर्यंत काय जातं? तार जाते, तो म्हणाला. मग मी त्याला परसात नेलं आणि आमचं घर दाखवलं. मागच्या दाराची कडी गंजलेली. अँटेनाची तार गंजून तुटलेली. माझ्या सायकलच्या ब्रेकची तार, जी मी प्रत्येक पावसाळ्यानंतर बदलते, ती पुन्हा तांबूस झालेली. समुद्र इथून दिसत नाही, पण वारा त्याचाच येतो. पुण्याच्या कोरड्या हवेत तारा टिकत असतील, रत्नागिरीत तार म्हणजे वर्षाचा पाहुणा. आणि हात काढायचं म्हणशील, तर मी खटका उतारावर ओढणारच नाही. उताराच्या आधी सपाट कातळ आहे, तिथेच सीट खाली करायची आणि मग दोन्ही हातांनी उतरायचं. परत येताना वर पोचले की सपाटीवर पुन्हा वर. मला घाटात शर्यत लावायची नाही, बागेत जायचंय.

तेल-हवेवाल्यावर तर बोलायलाच नको. बिघडला तर तो उघडणार कोण? भाऊ म्हणाला, पुण्याला पाठव. म्हणजे तेवढे दिवस मी घरी बसणार आणि इकडे व्यापारी दारात उभा. स्प्रिंग असली तर निदान मला उघडून बघता तरी येईल.

राहिले पाच इंच आणि तीन इंच. इथे भाऊ हट्टालाच पेटला. तीन इंचांनी काय होतं, म्हणाला.

"तीन इंच जास्त होते म्हणूनच हात मोडला," मी म्हटलं.

मग मी शिवणाची टेप काढली. जुना दांडा त्याच्याकडून उपसून घेतला. त्याच्या बुडाशी जाडीचा आकडा कोरलेला होता, तो लिहून घ्यायला लावला, कारण जाडी केसभर चुकली तर दांडा आत जात नाही किंवा आत डुगडुगतो. मग माझ्या पायाला पुरेल एवढी सीट उंच ठेवली, तर चौकटीच्या बाहेर दांडा किती उरतो ते मोजलं. उरत होता वीतभरसुद्धा नाही. पाच इंच खाली जाणारा दांडा मुळातच लांबलचक. तो चौकटीत जाईल तितका दडपला असता, तरी वरच्या टोकाला माझे पाय पेडलला पुरले नसते. मी काय ताडमाड आहे? भावाने दोनदा मोजून बघितलं आणि पहिला कागद घडी घालून खिशात टाकला. पुण्याचे लोक मापाला मानतात, एवढं त्यांचं चांगलं आहे.

झोपाळ्याची कुरकुर थांबली होती. मामंजी तिकडूनच म्हणाले, की संक्रांत होऊ दे, व्यापारी झाडं बघायला येणार आहे. मीही त्या दिवशी खाली बागेत येईन, तू वरून कशी उतरतेस ते बघेन. मग काय ते ठरवू. पसंत पडलं नाही तर त्याच दिवशी सह्या करून टाकू.

मला एवढंच हवं होतं. शेंडी तुटो की पारंबी तुटो.

दांडा दत्तजयंतीच्या सुमाराला पुण्याहून रात्रीच्या बसने आला. प्लास्टर निघालं होतं, मनगट जरा आखडलेलं. भावाने फोनवर सांगितलं तसा मी तो स्वतःच बसवला. जुनी कडी काढून तिथे बोल्टचं कडं घालायचं होतं, म्हणजे नवा दांडा फिरणार नाही. ते पान्याने गच्च आवळलं. बरोबर ग्रीसची एक लहान ट्यूब होती, मोज्याच्या आतून दांड्याला लावायची. मी ती उघडून बघितली आणि बाजूला ठेवली. ग्रीसला आमच्या सड्यावरची तांबडी धूळ अशी चिकटते की बघायला नको, सायकलच्या साखळीचा मला अनुभव होता. मी आपलं घरचं खोबरेल लावलं. आमच्याच नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं. आमच्याकडे खोबरेल कशाला चालत नाही? केसांना, भाजल्याला, अडकित्त्याला, दाराच्या बिजागरीला. दांडा असा गुळगुळीत सरकायला लागला की मी फोन करून भावाला खटक्याचा आवाज ऐकवला.

महिनाभर मी त्या दांड्यावर राज्य केलं. सकाळचं सगळं आवरून, मामंजींना नाश्ता देऊन निघायचं तर सड्यावर ऊन चांगलं वर आलेलं असायचं. सपाटीवर उंच बसून जायचं. उतार जवळ आला की सीटखाली हात घालून खटका ओढायचा, बसल्याबसल्या वजन द्यायचं, सीट गपकन खाली. मग दोन्ही हात हँडलवर, अंग मागे, आणि झाडांमधून खाली. पहिल्या दिवशी खाली पोचल्यावर मी एकटीच मोठ्याने हसले, राखणदारीण खोपीतून बाहेर येऊन बघायला लागली. इतकं सोपं होतं तर मी एवढी वर्षं का धडपडत होते, असं वाटलं. मोहोरही त्या वर्षी असा आला होता की वरच्या रांगांत पान दिसत नव्हतं. घरी सांगायची मी मामंजींना, ते हूं म्हणायचे.

संक्रांत झाली. व्यापाऱ्याने निरोप धाडला, सकाळी लवकर येतो, मला पुढे मालगुंडला जायचंय. मामंजी अंधारातच उठले. कोट, मफलर, कानटोपी, काठी. रिक्षा आली आणि ते रस्त्याने निघून गेले. जाताना ठरलं, की मी उताराच्या तोंडाशी पोचले की घंटी वाजवायची, मग ते खालून बघतील. मी त्यांच्या मागोमाग सड्यावरून निघाले. इतक्या लवकर मी त्या हिवाळ्यात कधीच निघाले नव्हते. थंडी अशी की डोळ्यांतून पाणी येत होतं. कोकणात थंडी पडत नाही म्हणणाऱ्यांनी जानेवारीत पहाटे आमच्या सड्यावर उभं राहून दाखवावं.

उताराच्या तोंडाशी आले. खाली झाडांच्या फटीतून राखणदाराच्या शेकोटीचा धूर दिसत होता, त्याच्याजवळ मामंजींची कानटोपी आणि व्यापाऱ्याची पांढरी मोटारसायकल. मी घंटी वाजवली. सीटखाली हात घातला, खटका ओढला, वजन दिलं.

सीट हलली नाही.

पुन्हा ओढला. बसून दाबलं, उठून दाबलं, दोन्ही हातांनी दाबलं. ढिम्म. बोल्ट सैल करून अख्खा दांडाच आत ढकलावा तर पाना घरी. एक महिना रोज चाललेली वस्तू आजच का रुसली? मी मोजा वर सरकवून आत बोट घातलं. बोटाला मेण लागल्यासारखं पांढरं लागलं.

माझ्या कपाळावर कुणी तरी हात मारायला हवा होता, म्हणून मीच मारला. खोबरेल! सकाळी केस विंचरायला मी तीच बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून ठेवली होती, कारण तेल थिजून दगड झालं होतं. हिवाळाभर रोज ठेवत होते. आमच्याकडे लहान पोराला विचारा, थंडीत खोबरेल थिजतं. केसांचं लक्षात राहिलं आणि दांड्याचं नाही. रोज ऊन वर आल्यावर निघायची म्हणून कळलं नव्हतं, एवढंच.

तशीच उंच सीटवर उतरावं असं क्षणभर मनात आलं. मनगट लगेच ठणकलं. सायकल हातात धरून चालत उतरावं, तर खाली सह्या होणार. काडी पेटवून ऊब द्यावी, तर सड्यावर गुडघाभर वाळकं गवत, एका ठिणगीने सडा जाईल आणि वाऱ्याबरोबर बागही. मग काय करणार? मी खाली कातळावर बसले, सायकल आडवी केली आणि दांडा दोन्ही हातांनी गच्च धरून चोळायला लागले. हात बर्फ झालेले, त्यांची ऊब ती किती? तोंडाने वाफ सोडत होते, चोळत होते, आणि तोंडाने जे काही येत होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सूर्याला लवकर उगव म्हणूनही शिव्या घातल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. झाडांमधून काठीचा आवाज आला. बघते तर मामंजी. पंच्याहत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले, सासूबाई गेल्यापासून बागेच्या पायथ्यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, तो अख्खा उतार चढून वर आला होता. घंटी ऐकली आणि पुढे मी दिसलेच नाही. त्यांना वाटलं, पडले. मी जमिनीवर, सायकल आडवी. त्यांचा चेहरा पांढराफटक.

"लागलं का गो?" एवढंच त्यांना बोलता आलं.

मी नाही म्हटलं आणि काय झालं ते सांगितलं. सांगताना माझाच आवाज चिरका होत गेला. मला वाटलं, आता ते म्हणतील, बघ, मी म्हणत नव्हतो? ते माझ्याजवळ कातळावर बसले. श्वास जागेवर येऊ दिला. मग दांड्याला बोट लावून बघितलं, बोटाचा वास घेतला.

"घरचंच ना?" ते म्हणाले, आणि हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता त्यांनी गळ्यातला मफलर काढला. अंगाच्या उबेने तो गरम होता. दांड्याभोवती त्याचे वेढे दिले आणि त्यावरून दोन्ही हातांनी चोळायला लागले, वर-खाली, वर-खाली, लोणी काढायला ताक घुसळावं तसे. मी एका हाताने खटका ओढून धरला आणि दुसऱ्याने सीट दाबत राहिले. सून आणि सासरे सड्यावर सायकलीला मिठी मारून बसलेले, कुणी बघितलं असतं तर वेड्याच्या इस्पितळात नेऊन सोडलं असतं.

चोळता चोळता ते बोलायला लागले. मान खालीच.

"वरच्या रांगांना एवढा मोहोर आलाय. बोलली नाहीस."

"रोज बोलत होते. तुम्ही ऐकत नव्हतात." माझ्या जिभेला हाड नाही, ते त्या वेळीही नव्हतं.

ते चोळत राहिले. मग येताना काय काय बघितलं ते सांगायला लागले. गडग्याचा ढासळलेला भाग नव्याने रचलाय. जुन्या झाडांची बांडगुळं काढलीत. गुरांनी खाल्लेल्या कलमांना पुन्हा पालवी फुटलीय. ही झाडं त्यांच्या वडिलांनी लावलेली. इतकी वर्षं मी त्यांना तोंडाने सांगत होते ते त्यांनी त्या सकाळी पायांनी चालून बघितलं होतं. पडलेल्या सुनेला उचलायला निघालेला माणूस, वाटेत बाग बघत वर आला.

दांडा एकदम सुटला. सीट गपकन खाली गेली. मामंजी दचकले. मग त्यांनी स्वतः खटका ओढला, सीट वर आली, पुन्हा दाबून खाली नेली. दोन-तीनदा करून बघितलं. मला हसू आवरेना.

"तीन इंच पुरतात म्हणायचे," ते म्हणाले. मफलर त्यांनी तेलकट तसाच गळ्यात घातला आणि काठी टेकून उभे राहिले. खाली धुराकडे बघितलं. "आता हो पुढे. त्याला सांग, बाग द्यायची नाही."

"तुम्ही सांगा ना. त्याला बोलावलंत तुम्ही."

"मी सांगितलं तर तो पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडे येईल. तू सांग."

मी सायकलवर बसले. दोन्ही हात हँडलवर, अंग मागे. नवरात्रात पडले होते त्या चराच्या कडेकडेने गेले, दोन्ही बाजूंना मोहोर, अंगावर त्याची बारीक फुलं पडत होती. खोपीसमोर ब्रेक लावला. व्यापारी शेकोटीवर हात शेकत होता. माझ्याकडे बघून त्याने नमस्कार केला आणि मग माझ्या मागे, उताराकडे बघत राहिला, मामंजी कधी दिसतात म्हणून. सह्यांचे कागद मोटारसायकलच्या पिशवीत आहेत, बाबांना यायला किती वेळ लागेल, असं त्याने विचारलं.

"ते सावकाश येतील," मी म्हटलं. "बोलायचंय ते माझ्याशी बोला."